चिनीमातीचा एक सेन

"नावाडी हे नाणं घेणार नाही, काकू," जुनी नाणी जमवणारा इवाकिरी म्हणाला. "हे चलनात कधी आलंच नाही."

शिगेकाकूंनी त्याच्यापुढे मुळ्याचं लोणचं सरकवलं. "तू दर रविवारी नागोयाहून हे बघायला येतोस. तुला चालतं, मग त्याला का नाही चालणार?"

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस धातू संपला, तेव्हा सरकारनं सेतोच्या कुंभारांकडून चिनीमातीची नाणी भाजून घेतली. ती बाजारात येण्याआधीच युद्ध संपलं आणि सगळी फोडून टाकली. तिथल्याच भट्टीवर असलेल्या काकूंच्या नवऱ्यानं मात्र नमुन्याचं एक त्याआधीच डब्यातून घरी आणलं होतं, बायकोला दाखवायला. लगेच त्याला लढाईवर नेलं. तो आला नाही.

"पलीकडच्या काठावर उभे असतील," काकू म्हणायच्या. "वाट बघायची अक्कल तेवढी आहे त्यांना. मेलेल्यांच्या नदीचं भाडं सहा मोन, ती जुनी भोकाची तांब्याची नाणी. हा एक सेन, म्हणजे जुने दहा मोन. हल्ली जाळताना धातू ठेवू देत नाहीत, पण ही माती. माझ्याबरोबर जाईल."

इवाकिरीनं रात्रभर विचार केला. भाजलेली माती पुन्हा भाजली तरी उरतेच. आणि राखेतली हाडं काड्यांनी वेचायची असतात. पण ती घरच्यांनी.

म्हणून वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी तो काकूंना दत्तक गेला. कारकुनानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

त्यानं आडनाव बदललं. तिची पाठ चोळली. हिवाळ्यात पायाशी गरम पाण्याची बाटली ठेवली.

"घाई झालीय का रे तुला?" ती विचारायची.

"नाही गं आई. जेव."

पुढेपुढे नाणं बघायचं त्याच्या लक्षातच राहीना.

बर्फ वितळायच्या आत ती गेली. दाहगृहातल्या माणसानं शवपेटी तपासली, केसांतली पिनसुद्धा काढून घेतली. नाणं नखानं टिचकावलं. "माती आहे. राहू दे."

इवाकिरीनं ते तिच्या तळहातावर ठेवलं आणि बराच वेळ तिची मूठ धरून उभा राहिला.

मग राख समोर आली. रीतीप्रमाणे त्यानं पायांपासून सुरुवात केली. हातांपाशी पोचल्यावर त्याच्या काड्या थांबल्या.

मातीचं नाणं नव्हतं. तिथं तांब्याची, मधे भोक असलेली चार जुनी नाणी होती. त्यानं एक उचललं. थंडगार होतं, आणि पाणी निथळत होतं.