राजाचा हुकूम

राजशेखरनं एका जुन्या ग्रीक शोकांतिकेवरचा सिनेमा गडहिंग्लजजवळच्या आपल्याच गावात, माळावर करायला घेतला. राजाच्या कामाला मुरगूडहून भारदस्त आवाजाचे मौलाचाचा आणले आणि गर्दीला अख्खं गाव उभं केलं. प्रसंग सरळ होता. दुश्मनाच्या मढ्याला कुणी माती द्यायची नाही असा राजाचा हुकूम, तरी बहीण एकटी जाऊन भावाला मूठभर माती देते, आणि भ्यालेलं गाव लांबून नुसतं बघत राहतं.

पण कॅमेरा सुरू झाला की बहिणीच्या मागोमाग सगळं गाव मूठमूठ माती घेऊन पुढं. तीन टेक असेच गेले. मढं झालेल्या बसवेशच्या नाकातोंडात माती गेली आणि उन्हं उतरायला लागली.

"अगं शांतव्वा, तुमी समदी राजाला भ्यालाय. जागचं हलू नगासा," राजशेखरनं सगळ्यात पुढच्या म्हातारीला हात जोडले.

"मातीला यायचं आणि माती न देता माघारी जायचं, असं कुठं असतंय व्हय रं?" शांतव्वा करवादली. "बरं, तुझ्यासाठी ऱ्हातो उभं."

चौथ्या टेकला गाव खरंच हललं नाही. आता फक्त राजानं बहिणीला पकडायचा हुकूम सोडायचा होता.

 

गावातलं कुणीच पुढं होईना म्हटल्यावर राजालाच राहवलं नाही. मुकुट काखेत धरून मौलाचाचा सिंहासनावरून उतरले आणि त्यांनी मढ्याला तीन मुठी माती दिली.