पितळी पाटी

सन १९२६. जळगावच्या त्र्यंबकनाना वकिलांनी फ्रान्सहून आलेली मोटार घेतली, तेव्हा तिच्यात सुरक्षेच्या सूचना फ्रेंचमध्ये होत्या. नाना कॉलेजात फ्रेंच शिकलेले. शब्दकोशांशी पावसाळाभर झटापट करून त्यांनी त्या उत्तम इंग्रजीत आणल्या, पितळी पाटीवर कोरून घेतल्या आणि पाटी ड्रायव्हरच्या समोर ठोकली. मराठीत त्या मोटारीला शोभल्या नसत्या.

"नाना, यामा काय लिखेल शे?" ड्रायव्हर तोतारामने विचारलं.

"तुला सांगून काय उपयोग? आपला जीव राखणारी पाटी आहे, एवढं समज. रोज पुसत जा."

"समजनं, नाना."

तोताराम पाटी पुसू लागला, तिला हळदकुंकू वाहू लागला. दसऱ्याला तिच्यापुढे नारळही फोडला. त्याचा हा अडाणीपणा नाना कोर्टातल्या मित्रांना चवीने सांगायचे.

एका रविवारी मेहरूणच्या उतारावर पायाचा ब्रेक लागेना. समोर तलाव. अशा वेळी हाताशी असलेला दांडा ओढावा, ही पाटीवरची पहिलीच सूचना. मागे बसलेल्या नानांना ती तोंडपाठ होती, पण फक्त इंग्रजीत. ते ताडकन उभे राहिले आणि शुद्ध उच्चारात ती मोठमोठ्याने म्हणू लागले.



नानांनी स्तोत्र सुरू केलेलं पाहून तोतारामने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले आणि पाटीला जोडले.