चार मिनिटांचा व्हिडिओ

बाबांचा मीडिया सर्व्हर म्हणजे त्यांचं दुसरं अपत्यच! जुन्या कॉम्प्युटरवर आधी नुसती गाणी होती, मग सिनेमे आले, मग घरचे व्हिडिओ. त्या सर्व्हरची नवी आवृत्ती मात्र लेकीने त्यांना न विचारताच चढवली, आणि मग ती घाईघाईने जुन्या फाइल्स चाळू लागली. आई गेल्यावर तिचा एकच व्हिडिओ उरला होता, तो त्यातच होता.

सापडला एकदाचा! पण तीन मिनिटांचा व्हिडिओ आता चार मिनिटांचा दिसत होता.

"आकडा चुकला असेल गं," बाबा म्हणाले. "मीच काढलाय तो."

तिने तो लावला. खिडकीशी बसलेली आई केस विंचरता विंचरता हसली, तिने हात हलवला. एरवी व्हिडिओ इथेच संपायचा.

आज संपला नाही. दारातून तरुण बाबा आले आणि आईशेजारी बसले. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

सोफ्यावरचे बाबा ताडकन उठले. "मग कॅमेरा कुणाकडे होता?"

ती रिमोटची बटणं दाबत सुटली, पण चित्र थांबेना. ते हळूहळू आईच्या जवळ सरकत होतं. आईने कॅमेऱ्याच्या जरा वर पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"पुरे आता," ती म्हणाली. "पोरगी बघतेय."