ऑपरेशन झालेली बाई

राहुरीजवळच्या गुऱ्हाळावर उकळती काकवी उडून दिपालीचा डावा गाल भाजला, त्याला अकरा वर्षं झाली होती. आज ती नवऱ्याला, कल्याणला घेऊन केडगावच्या प्लॅस्टिक सर्जरीच्या क्लिनिकमध्ये आली होती. पण फसायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तिनं डॉक्टरांची डिग्री विचारली, नोंदणी क्रमांक तपासला. शेवटी म्हणाली, "तुमी ऑपरेशन केलेल्या एखाद्या बाईशी मला बोलायचंय."

"बाहेरच बसल्यात," नर्स म्हणाली.

केबिनबाहेरच्या बाकावर तोंडावर पदर ओढून एक बाई बसली होती. दिपालीनं दबकत विचारलं, "लई दुखलं का हो?"

"मला न्हाई दुखलं," म्हणत बाईनं पदर सरकवला.

चेहरा दिपालीचाच होता. गाल मात्र नितळ.

तेवढ्यात फोनवर बोलायला गेलेला कल्याण आत आला आणि त्या बाईजवळ जाऊन हसत म्हणाला, "झालं व्हय? चल, दिपाली."

बाई उठली. दोघं दाराकडं निघाली.

"अहो!" दिपालीनं धावत जाऊन त्याचा दंड धरला.

त्यानं तिच्या भाजलेल्या गालाकडं पाहिलं आणि नजर अदबीनं खाली वळवली.

"कोन पायजे, ताई?"