बाणांची बटणं ताईची

गेम बनवणाऱ्या साहेबांनो, एका कीबोर्डवर दोघांनी खेळायची सोय तुम्ही मोडून टाकलीत आणि कुणाला साधं विचारलंही नाहीत. लहानपणी बाणांची बटणं ताईची असायची, डावीकडची अक्षरं धाकट्याची, आणि कोपराने ढोसाढोशी दोघांची. इतक्या वर्षांनी ताई दोन दिवस घरी येणार म्हटल्यावर धाकट्याने त्याच गेमचा नवा भाग आणला. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरला तो पेलवेना, म्हणून कुणीतरी वापरून विकलेलं ग्राफिक्स कार्ड शोधून काढलं. ते बसवताना दुकानदार म्हणाला, "राजा, याला कार्ड नको, पेन्शन दे!"

ताई आली. "अजून हाच डबा?" म्हणत त्याला चिकटून बसली. बोटं थेट बाणांवर ठेवली. "सरक जाड्या, मला जागा दे."

गेम सुरू झाला आणि पडद्यावर सूचना आली : दुसऱ्या खेळाडूने स्वतःचा कॉम्प्युटर वापरावा.

मग ताईने आपला लॅपटॉप काढला. त्याला वायफाय फक्त बाहेरच्या खोलीत मिळत होतं, म्हणून ती उठून तिकडे गेली. दोघांनी कानाला हेडफोन लावले.

"मागे बघ, गाढवा, मागे!" ती ओरडली. परगावाहून फोनवर ओरडते ना, अगदी तश्शीच.

चित्रं झकास आहेत तुमची, कुठे अडकत नाहीत, थांबत नाहीत. आता फक्त एवढं सांगा, त्या दिवशी त्याची ताई घरी आली होती की नव्हती?