उपाशी पानं

सूक्ष्मदर्शकाला लावलेला डोळा विजयमालाबाईंनी लवकर काढलाच नाही. काढला की दारात बसलेल्या राहीबाईकडे बघावं लागणार होतं. काचेवर पालकाच्या पानातले हिरवे कण पडले होते आणि सगळे फुटलेले होते. एकही धड नव्हता.

राहीबाई पलूसहून पहिल्या एसटीनं पालकाची पाटी घेऊन आली होती. बाईंच्या प्रयोगासाठी तिनं मळ्यात एक वाफा राखला होता. आता सांगलीच्या कॉलेजातल्या गार फरशीवर ती पाय पसरून बसली होती.

"राहीबाई, काल दिवसभर वाफा पोत्यांनी झाकला होता ना?"

"झाकला की." ती पदराशी चाळा करत राहिली. "दुपारपातुर झाकला. मग काढली पोती. आवं बाई, वर येवढं लख्ख ऊन आन् त्यास्नी अंधारात कोंडायचं? माझ्याच्यानं न्हाई बगवलं."

बाईंना रागवायचं होतं, पण रागवायलाही अंगात त्राण लागतं. सकाळपासून बर्फात ठेवून पानं वाटताना बोटं बधीर झाली होती.

"उन्हात राहिले की या कणांच्या पोटात पिठाचे दाणे साठतात. यंत्रात गरागरा फिरवलं की तेच दाणे त्यांना आतून फाडतात. म्हणून उपाशी ठेवायचे होते."

"आन् फाटलं तर?"

"त्यांना लागणारी बरीचशी प्रथिनं बाहेर तयार होतात. ती हे कण आपल्या भोवतीच्या दोन पडद्यांतून आत कशी घेतात, तेच मला बघायचं होतं. पडदाच फाटला, तर आत काय आणि बाहेर काय."



यंत्र पुण्याहून महिन्याच्या बोलीवर आणलेलं. उद्या ते परत जाणार होतं, आणि नवा वाफा यायला महिना तरी हवा. एकोणऐंशी साल उजाडलं होतं. सहा वर्षं खपून लिहिलेला प्रबंध या एका प्रयोगापाशी अडला होता आणि आता अडूनच राहणार होता. बाईंना रडू आलं नाही. नुसती झोप आली.

राहीबाईनं रिकामी पाटी उचलली.

"चुकलंच माजं. पुढल्या बारीला झाकते आन् सरळ म्हसवडला लेकीकडं जाते. डोळ्यादेखत न्हाई जमायचं मला." ती दारात थांबली. "बी कवा टाकू?"

यंत्र उद्याच परत जाणार, हे बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. राहीबाई त्यांच्या तोंडाकडं बघत उभी होती.

"टाका उद्या," बाई म्हणाल्या.