उमेळ्याच्या घरातला गॅस

“त्या कोपऱ्यात टांगा ना,” व्हेरोनिका म्हणाली. “तिथं जरा कोंदट वास पण येतो.”

स्टुलावर उभा असलेला सुमेध हसला. “मावशी, रेडॉनला वास नसतो. आणि डबा माणसं झोपतात तिथंच टांगायचा.”

सुमेध हा व्हेरोनिकाच्या जावयाचा, मार्कचा मित्र. मुंबईत विद्यापीठात संशोधन करत होता. जमिनीतून रेडॉन नावाचा वायू वर येतो, बंद घरात साठतो आणि वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसं खराब करतो, असं त्यानं समजावून सांगितलं. त्याला तपासायला एक जुनं घर हवं होतं आणि एक नवं. जुनं म्हणजे हे उमेळ्याचं, मातीच्या जमिनीचं कौलारू घर. नवं म्हणजे विरारला चंदनसारच्या एका नव्या इमारतीतला, मार्क आणि लेक स्टेफी यांचा तळमजल्यावरचा फ्लॅट.

दोन्हीकडे सारखाच प्लास्टिकचा डबा, आत फिल्मचा तुकडा, तोंडाला कापड. सुमेधनं दोन्ही झाकणांच्या आतून घरांची नावं लिहिली, झाकणं लावली आणि एक डबा आढ्याला टांगला. व्हेरोनिकाचा नवरा प्लासिड दारात हाताची घडी घालून सगळं बघत होता.

“दुसरा उद्या चंदनसारला टांगतो. नाताळपर्यंत राहू द्या,” सुमेध म्हणाला. “खिडक्या रोजच्यासारख्याच उघडा-लावा.”

“आणि गॅस निघाला तर?” व्हेरोनिकानं विचारलं.

“जास्त निघाला तर इथं राहणं बरं नाही.”

व्हेरोनिकाला आतून उकळ्या फुटल्या. स्टेफीला मुलगा झाल्यापासून तिला एकच ध्यास लागला होता. चंदनसारला जाऊन नातवाजवळ राहायचं. लेक-जावई सकाळीच कामाला जात आणि छोटा जेम्स दिवसभर फ्लॅटमध्येच शेजारणीच्या हवाली. स्टेफी दर रविवारी बोलावी, पण प्लासिड ऐकेल तर शपथ. बापानं बांधलेलं घर सोडून जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं त्याला पटत नव्हतं.

संध्याकाळी तिनं त्याला कोंडीत पकडलं. “गॅस निघाला तर याल ना चंदनसारला?”

“निघाला तर येईन. पन नाय निघाला, तर पुन्हा त्या फ्लॅटचं नाव काढायचं नाय.”

“अल्तारावरच्या देवासमोर बोला.”

तो अल्तारासमोर बोलला.

झालं. बाकीच्या बायका आरोग्य मागतात, मुलांना नोकऱ्या मागतात. व्हेरोनिका रोज पवित्र मातेकडे गॅस मागू लागली. खिडक्या घट्ट लावून ठेवायचा मोह तिला कैकदा झाला, पण देवाकडे कौल लावायचा आणि वर कपटही करायचं, हे तिच्यानं होईना. तिनं खिडक्या रोजच्यासारख्याच उघडल्या.

गावात जो तो सांगे, जमीन मातीची, गॅस निघणारच. व्हेरोनिका खुलून जाई. प्लासिड वाडीत केळींना पाणी घालायला निघून जाई.

त्याच्यात फरक पडल्याची खूण तर आधीच दिसली होती. सुमेध डबे टांगून गेल्यावर आठवडाभरातच व्हेरोनिका नंदाखालला बहिणीकडे गेली होती. संध्याकाळी स्टेफीचा फोन आला. पप्पा म्हणे एकटेच केळ्यांचा घड घेऊन चंदनसारला आले, शेजारणीला घरी पाठवून दुपारभर जेम्सजवळ बसले, आणि जाताना स्टुलावर चढून पंखासुद्धा पुसून ठेवला. ज्यानं घरचा पंखा जन्मात पुसला नव्हता, त्याला फ्लॅटचा लळा लागला! व्हेरोनिकानं त्याला काही विचारलं नाही. वितळणाऱ्या माणसाला बोटं लावू नयेत एवढं तिला कळत होतं.

नाताळात सुमेध दोन्ही डबे घेऊन गेला. फिल्म तपासायला वेळ लागणार होता. पण व्हेरोनिकाला दम कुठला? उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. इथं नवरा थंड आणि बाशिंग बायकोच्या गुडघ्याला. तिनं बरण्या कुणाकुणाला देऊन टाकायच्या ते ठरवलं. जेम्ससाठी गोधडीही शिवून ठेवली.

फेब्रुवारीत एका रविवारी दोघं चर्चमधल्या मिस्साहून परतली, तर सुमेध पडवीत बसलेला. तोंड उतरलेलं.

“मावशी, कसं सांगू? उमेळ्याच्या डब्यात रेडॉन फार निघाला. मर्यादेच्या दुपटीहून जास्त.”

व्हेरोनिकानं दोन्ही हात जोडले. तिचा आनंद पोटात माईना. बिचारा सुमेध तिला धीर द्यायला आला होता, आणि ती त्याला लाडू आणायला आत पळाली.

“चंदनसारचं काय?” प्लासिडनं विचारलं.

“तिथं नावापुरता आहे. निर्धास्त राहा, काका.”

प्लासिड खांबाला धरून उभा राहिला. “पोर दिवसभर त्या खोलीत असतं. मच्छर येतात म्हनून खिडक्या बंद.”

“असू दे की,” लाडू घेऊन आलेली व्हेरोनिका म्हणाली. “आता मी असणार आहे ना त्याच्याजवळ.”

तो आत गेला आणि त्यानं टेम्पोवाल्याला फोन लावला. “फ्रान्सिस, टेम्पो घेऊन ये. आत्ता ये. रविवार असला तरी ये.”

इतक्या सहज मानेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ती भराभर कामाला लागली. चादर पसरली, त्यावर कपडे टाकले, भांडी उतरवायला सुमेधला हाक मारली. आयुष्यभर हट्टी म्हणून ज्याला नावं ठेवली, तो नवरा शब्दाला किती पक्का निघाला, म्हणून तिचे डोळे भरून आले.

प्लासिडनं तिच्या हातातली चादर काढून घेतली.

“आपलं नाय बांधायचं,” तो म्हणाला. “स्टेफीचं सामान आनायचं. पोराला घेऊन दोघांनी आजच इथं झोपायला यायचं.”

“इथं? या गॅसात?”

प्लासिडनं ना तिच्याकडे बघितलं, ना सुमेधकडे.

“चंदनसारचा डबा इथं होता आनि इथला तिथं,” तो म्हणाला. “मीच बदलले.”